शाई कंपनीची की लोकल?

रविवारी दुपारी सहावीच्या उर्दूच्या वर्कशीट तपासायला बसले होते. शाळा सुरू होऊन आठवडाच झाला होता. बाहेर पाऊस कोसळत होता. प्रश्न साधा होता: दिलेले शब्द वाक्यात वापरा. तिसरा शब्द होता 'चाल'. एका मुलीने लिहिले होते की आम्ही दादीचा हाल विचारायला गावी गेलो. मी लाल फुली मारली. दुसऱ्या मुलाने लिहिले, पावसात रस्त्याचे हाल झाले. पुन्हा फुली. पाचव्या कागदावर तीच चूक दिसली तेव्हा हात थांबला. एकाच वर्गातली पाच मुले एकच चूक करतात तेव्हा चूक मुलांची नसते, हे वीस वर्षांच्या नोकरीत एवढे तरी कळले आहे.

कागद खिडकीशी नेऊन पाहिला. 'चे' या अक्षराच्या पोटातले तीन नुक्ते छापलेच गेले नव्हते. उर्दू वाचणाऱ्यांना सांगायला नको: 'चे'चे नुक्ते गेले की उरते ती 'बडी हे', आणि 'चाल'चा होतो 'हाल'. ज्यांच्या घरात उर्दू वाचली जात नाही त्यांच्यासाठी सांगते, 'रंग'वरचा अनुस्वार उडाला तर 'रग' उरते, तसेच हे. मुलांनी जे छापले होते तेच वाचले होते. त्या ओळीवरून, नीट पाहिले तर, केसाएवढी पांढरी रेघ आडवी गेली होती. दोन ओळी खाली आणखी एक.

मुलांचे गुण परत दिले, ते सोपे होते. पण त्या रात्री मी जे केले ते मात्र इतके सहज परत घेता आले नाही, म्हणून या महिन्याचे हे पान त्यावर.

आमच्या घरी टाकीवाला रंगीत प्रिंटर आहे. मुलीच्या प्रोजेक्टसाठी घेतला, वापरते जास्त मीच. त्यात शाई भरायला कोपरीतलाच एक मुलगा मदत करतो. माझा जुना विद्यार्थी. स्टेशनच्या पूर्वेकडे त्याचे इवलेसे दुकान आहे: रिफिल, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो. मार्चमध्ये त्याच्याकडून लोकल शाई घेतली होती. त्यामुळे कागदावरची पांढरी रेघ पाहिल्याबरोबर माझ्या डोक्यात दुसरे काही आलेच नाही. स्वस्त शाई, म्हणून हेड चोक. मी शाळेच्या स्टाफच्या ग्रुपवर लिहून टाकले: लोकल शाई भरू नका, माझा प्रिंटर गेला, अमुक दुकानातून तर अजिबात घेऊ नका. चाळीसेक जणी आणि जण त्या ग्रुपवर आहेत. बऱ्याच जणांना दुकान माहीत आहे, कारण मीच पूर्वी त्यांना तिकडे पाठवले होते.

मग मी प्रिंटरच्या मागे लागले. कॉम्प्युटरवर 'हेड क्लीनिंग' नावाचे बटण असते. ते दाबले, फरक पडला नाही. पुन्हा दाबले. रात्री साडेबारापर्यंत अकरा वेळा दाबले. शौहर म्हणाले, "आता त्या मशीनला झोपू दे." काळ्या शाईची टाकी बोटभर खाली आली होती आणि रेघा पहिल्यापेक्षा वाढल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मुंब्र्याहून परत येताना त्याला फोन केला. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो एवढेच म्हणाला, "टीचर, आधी मशीन घेऊन या."

त्याने मशीन टेबलावर ठेवली आणि शाईकडे पाहिलेही नाही. आधी 'नोझल चेक' छापला. हा एक चौकटीसारखा नमुना असतो, प्रत्येक रंगाच्या बारीक रेघांचा. जी रेघ तुटली त्या ठिकाणचे छिद्र बंद. काळ्याचा नमुना उंदराने कुरतडल्यासारखा दिसत होता. निळा आणि पिवळा पूर्ण होते, लाल रंगात दोन रेघा तुटलेल्या. मग त्याने विचारले, "काळी शाई कुठली भरली होती?"

आणि मला आठवले. मार्चमध्ये त्याच्याकडून फक्त तीन रंग घेतले होते. काळी बाटली शौहरनी त्याआधीच कंपनीची, सीलबंद, बिलासकट आणली होती. जी शाई सुकून बसली होती ती ओरिजिनल होती.

"टीचर, शेवटची प्रिंट कधी काढली?" हा त्याचा दुसरा प्रश्न. एप्रिलअखेर, निकालाच्या वेळी. त्या दिवशी कागद अडकला होता, मला लोकल पकडायची होती, मी कागद ओढून काढला आणि भिंतीवरच्या बोर्डाचे बटण बंद करून निघाले. मग आम्ही सुट्टीत गावी. मशीन उघडली ती थेट जूनच्या मध्यानंतर. सात आठवडे.

(आमचे बोलणे उर्दूत झाले, इथे मराठीत लिहिते आहे.)

त्याने मला जे दाखवले ते तुम्हालाही दाखवण्यासारखे आहे. प्रिंटरचे झाकण उघडल्यावर उजव्या टोकाला रबराच्या कडेची एक छोटी चौकोनी वाटी दिसते, तिच्यात स्पंजसारखा तुकडा असतो. ती हेडची टोपी. काम संपले की हेड तिथे जाऊन बसते आणि छिद्रे झाकली जातात, जशी आपण पेनाला टोपी लावतो. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने तो बंद केला की तो आधी हेड टोपीवर नेतो आणि मग झोपतो. पण काम चालू असताना, किंवा कागद अडकलेला असताना, बोर्डावरूनच वीज तोडली तर हेड जिथे असेल तिथेच उघडे राहते. माझे हेड ऐन मे महिन्यात सात आठवडे बिनटोपीचे पडले होते. वीज वाचवायची म्हणून आपल्यापैकी कितीजणी रोज रात्री सगळे बोर्ड बंद करतात! टीव्हीचे चालते, प्रिंटरचे नाही. आधी त्याचे बटण दाबायचे, दिवा विझू द्यायचा, मग बोर्ड.

अब्बांची आठवण झाली. ते कोकणात प्राथमिक शिक्षक होते. लहानपणी तख्तीवर बोरूने लिहिताना ते रात्री बोरू धुऊन ठेवायला लावत. न धुतलेल्या बोरूच्या चिरेत शाई वाळून बसायची आणि सकाळी अक्षर फाटके यायचे. प्रिंटरची गोष्ट तीच आहे, फक्त चीर डोळ्यांना दिसत नाही.

किती बारीक, ते सांगते. हेडमधली छिद्रे आपल्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकी असतात, आणि एका हेडमध्ये अशी शेकडो. त्यातून उडणारा थेंब पिकोलिटरमध्ये मोजतात. एका मिलिलिटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक पिकोलिटर, आणि थेंब असतो अशा मोजक्या पिकोलिटरचा. प्रिंटरची शाई म्हणजे बहुतांश पाणी, त्यात रंग, आणि ती लवकर वाळू नये म्हणून ग्लिसरीनसारखे पदार्थ. छिद्राच्या तोंडाशी आधी पाणी उडून जाते, मागे घट्ट साय राहते. शाई कुणाचीही असो, हे होतेच. कोपरी खाडीजवळची, हवा दमट, म्हणून आपल्याकडे जरा उशिरा होते, एवढेच.

आता थेंब उडतो कसा, ते जरा समजून घ्यावे लागेल, कारण शाई कोणती घ्यायची हे त्यावर अवलंबून आहे. दोन पद्धती आहेत. एक उष्णतेची. १९७७ मध्ये जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत गरम सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागले आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. इचिरो एंडो या संशोधकाने त्यावरून ओळखले की शाईला क्षणभर चटका दिला तर वाफेचा बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. जवळपास त्याच सुमारास अमेरिकेत एचपीचे लोकही स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले होते, आणि १९८४ मध्ये त्यांचा 'थिंकजेट' बाजारात आला. त्याचे हेड शाईच्या डबीलाच जोडलेले होते. शाई संपली की हेडसकट डबी फेकायची. आजही एचपी आणि कॅननचे अनेक लहान कार्ट्रिजवाले प्रिंटर असेच आहेत: कार्ट्रिजच्या खालच्या बाजूला जी सोनेरी-तांबूस पट्टी दिसते तिथेच हेड असते.

दुसरी पद्धत एप्सनची, ब्रदरचीही. गॅस पेटवायच्या लायटरमध्ये एक खडा असतो, त्यावर दाब आला की ठिणगी पडते. त्याच जातीचे द्रव्य हेडमध्ये असते, पण काम उलटे: वीज दिली की ते वाकते आणि शाईला दाबून थेंब बाहेर काढते. हे हेड महाग, टिकाऊ, आणि मशीनमध्येच बसवलेले. ते शाईबरोबर फेकायचे नसते. ते गेले तर बहुतेक घरांत प्रिंटरच गेला असे समजतात, कारण हेड बदलायचा खर्च नव्या मशीनच्या जवळ जातो. कॅननच्या जी-मालिकेसारखे काही टाकीवाले प्रिंटर मधल्या घरातले आहेत, उष्णतेवर चालतात पण हेड वेगळे काढून बदलता येते. आपल्या घरातले यंत्र यातले कोणते, हे एकदा पाहून ठेवा.

आता पैशाचा हिशेब. हा हिशेब त्या मुलाने मला बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर करून दाखवला, आणि गणिताचा शिक्षक म्हणून तो माझ्यापेक्षा बरा ठरला असता.

एप्सनच्या एल ३११०सारख्या घरगुती टाकीवाल्या प्रिंटरला ००३ क्रमांकाची शाई लागते. काळ्या बाटलीत ६५ मिलिलिटर, आणि कंपनीच्या अंदाजाने त्यावर ४,५०० पाने. बाटली समजा ४०० रुपयांना पडली. म्हणजे एका पानाला नऊ पैसे. लोकल शाई तेवढ्याच मापाची समजा १०० रुपयांना, तर पानाला सव्वादोन पैसे. बचत पानामागे सात पैशांहून कमी. आमच्या घरी महिन्याला साठ पाने निघतात, वर्षाला ७२०. वर्षाची बचत पन्नास रुपयेही नाही. क्लीनिंगमध्ये वाया जाणारी शाई धरून हिशेब दुप्पट केला तरी शंभर. कागदाच्या एका कोऱ्या तावाची किंमत पानामागच्या या बचतीहून कितीतरी जास्त, त्याकडे आपण पाहतही नाही. वर्षाच्या शंभर रुपयांसाठी हजारो रुपयांचे हेड पणाला लावायचे का?

आता कार्ट्रिजवाला प्रिंटर घ्या. एचपीच्या ८०३ या छोट्या काळ्या कार्ट्रिजवर कंपनीच १२० पाने सांगते. ते समजा ७२० रुपयांना मिळाले, तर पानाला सहा रुपये. तीच ७२० पाने काढायला सहा कार्ट्रिज, म्हणजे ४,३२० रुपये. तेच कार्ट्रिज दीडशे रुपयांत रिफिल करून चालवले तर नऊशे. इथे बचत तीन हजारांच्या वर. आणि रिफिल बिघडले तर काय जाते? फक्त ती डबी. नवी घातली की नवे हेड मिळाले.

म्हणजे जिथे बाहेरच्या शाईने सर्वांत जास्त पैसे वाचतात तिथे धोका सर्वांत कमी, आणि जिथे जवळजवळ काहीच वाचत नाही तिथे धोका सर्वांत जास्त. आपण बहुतेक जणी नेमके उलटे करतो. टाकीत लोकल शाई ओततो, कारण ओतणे सोपे असते. आणि कार्ट्रिज मात्र घाबरून नवे घेतो. (कार्ट्रिजही पाच-सात वेळा भरून झाले की थकते, अक्षर फिके येते, तेव्हा ते सोडून द्यावे.)

मी विचारले, "मग तू स्वतःच्या दुकानातल्या मशीनमध्ये कोणती घालतोस?" तो हसला. त्याच्या टाकीवाल्या दोन्ही मशीनमध्ये लोकलच असते, लॅमिंग्टन रोडवरून लिटरच्या बाटल्या आणतो. तो दिवसाला दोनशे पाने काढतो, वर्षाला साठ हजार. त्याचे सात पैसे साठ हजारांनी गुणा: चार हजार रुपये, रंगीत वेगळे. शिवाय त्याचे मशीन रविवार सोडून रोज चालते, शाईला वाळायला वेळच मिळत नाही. आणि हेड गेलेच तर वर्ष-दोन वर्षांत त्याने त्याचा खर्च काढलेला असतो. "टीचर, माझी शाई काही धुतल्या तांदळासारखी नाही. लाल रंगात दोन रेघा तुटल्यात ना, त्या माझ्याच. पण काळीचा आळ माझ्यावर नको."

तो 'आळ' हा शब्द तेवढा मराठीत म्हणाला. शाळेत त्याला मराठी मीच शिकवली होती.

लोकल शाईत खरी भानगड कुठे आहे, तेही त्यानेच सांगितले. पहिली गोष्ट, शाई दोन जातींची असते. डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग, साखरेच्या पाण्यासारखा. पिगमेंट म्हणजे न विरघळणारे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवलेले, हळदीच्या पाण्यासारखे म्हणा, पण हळदीच्या कणांच्या तुलनेत फारच बारीक. डायचे रंग खुलतात पण पावसात भिजले की पसरतात. पिगमेंटचे अक्षर भिजले तरी टिकते, पण सुकले तर छिद्रात जास्त हट्टाने बसते. एप्सनच्या ००३ मधली काळी डाय आहे, ००१ मधली काळी पिगमेंट. कॅननच्या जीआय-७९० मधली काळीही पिगमेंट. जे मशीन डायसाठी बनले त्यात पिगमेंट ओतली, किंवा उलट, तर दोष शाईचा नाही, ओतणाऱ्याचा. माझ्या मशीनमधली काळी पिगमेंटची होती, म्हणून ती सर्वांत आधी बसली. दुकानदाराला 'काळी द्या' एवढेच म्हणू नका. मशीनचा नंबर सांगा आणि डाय की पिगमेंट ते विचारा. उत्तर आले नाही तर दुसरे दुकान पाहा.

दुसरी गोष्ट भेसळीची. अर्ध्या टाकीत एका कंपनीची शाई असताना वर दुसरी ओतणे. दोन शायांची रसायने एकमेकांशी जमली नाहीत तर टाकीतच गाळ धरतो आणि तो नळीतून हेडपर्यंत जातो. हे आपल्या आधीच्या पिढीला ठाऊक होते. फाउंटन पेनात एका कंपनीच्या शाईवर दुसरी भरू नये, आधी पेन पाण्याने धुवावे, हे अब्बा सांगत. त्यांच्या काळात गावात शाई यायची ती पुडीची किंवा वडीची, पाण्यात कालवून दौतीत भरायची. मुंबईत १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी अशाच शाईच्या पुड्या आणि वड्या 'हॉर्स ब्रँड' नावाने विकायला सुरुवात केली, पुढे 'कॅमल' शाई आली, आणि ती कंपनी म्हणजे आपली कॅम्लिन. तेव्हा परदेशी शाईच्या बाटलीपुढे तीही लोकलच होती! म्हणून 'लोकल' या शब्दाला नाक मुरडायचे कारण नाही. प्रश्न शाई कुठे बनली हा नाही, ती त्या हेडसाठी बनली आहे का हा आहे.

तिसरी गोष्ट, लोकल आणि नकली यातला फरक. स्वतःच्या नावाने, 'अमुक मशीनला चालेल' असे लिहून विकली जाते ती कंपॅटिबल. ती बनवणे, विकणे, आपल्या टाकीत भरणे यात गुन्हा काही नाही. पण कंपनीचे नाव, कंपनीचे खोके, आत भलतीच शाई, ही नकली, आणि १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याने तो गुन्हा आहे. आपण ओरिजिनलचे पैसे देतो आणि घरी लोकलपेक्षाही वाईट माल येतो. फारच स्वस्तात 'ओरिजिनल' मिळत असेल तर ती बाटली तिथेच ठेवा. बिल घ्या, सील पाहा, बाटलीवरची मुदत पाहा.

कंपन्या काही साध्या नाहीत, हेही सांगायला हवे. मशीन स्वस्तात द्यायचे आणि शाईवर कमवायचे हा त्यांचा जुना धंदा. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या अनेक प्रिंटरनी एके दिवशी बाहेरची कार्ट्रिज नाकारायला सुरुवात केली, कारण आतल्या सॉफ्टवेअरमध्येच तशी सोय करून ठेवलेली होती. लोक खवळले आणि कंपनीला दिलगिरी मागावी लागली. अमेरिकेत लेक्समार्क कंपनीने आपली वापरलेली कार्ट्रिज पुन्हा भरून विकणाऱ्या एका छोट्या कंपनीला कोर्टात खेचले होते. ३० मे २०१७ रोजी तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितले की एकदा वस्तू विकली की पेटंटच्या जोरावर तिच्यावर हक्क सांगता येणार नाही. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, म्हणजे वस्तू आपल्या मर्जीने दुरुस्त करून घेण्याच्या हक्कासाठी. सुरुवात मोबाइल, घरगुती उपकरणे, गाड्या आणि शेतीची अवजारे यांपासून झाली. पण मशीन वॉरंटीत असेल तर मात्र बाहेरच्या शाईने झालेला बिघाड कंपनी अंगावर घेत नाही. वॉरंटी संपेपर्यंत तरी प्रयोग नकोत.

आता हेड चोक झालेच तर काय करायचे. मी केले ते करू नका. क्लीनिंगमध्ये शाई हेडमधून ओढून मशीनच्या तळातल्या फोमच्या गादीत टाकली जाते. दर वेळी शाई जाते आणि ती गादी भरत जाते. गादी भरल्याचे मशीनच्या मोजणीत आले की छपाई थांबते आणि गादी बदलावी लागते. एप्सन आपल्या टाकीवाल्या मशीनसाठी सांगते की नोझल चेक आणि क्लीनिंग तीनदा करून फरक पडला नाही तर थांबा, मशीन बंद करा, किमान बारा तास तसेच राहू द्या, मग पुन्हा पाहा. या बारा तासांत ओलावा घट्ट शाईत मुरतो आणि नळीतले हवेचे बुडबुडे वर जातात. त्यानंतरही नाही जमले तर 'पॉवर क्लीनिंग', पण तेव्हा प्रत्येक टाकी किमान एक तृतीयांश भरलेली हवी, नाहीतर शाईऐवजी हवाच ओढली जाते. सुई, टाचणी, स्पिरिट, नळाचे गरम पाणी हे मोबाइलवरच्या व्हिडिओत दिसते तेवढे सोपे नाही. कार्ट्रिजवाल्या हेडला मात्र कोमट पाण्याने ओलसर केलेल्या मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडावर मिनिटभर टेकवून पाहता येते. बिघडले तर डबी गेली.

आणि मुळात चोक होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा चारही रंग असलेले एक पान छापा. आमच्याकडे हे काम मुलीकडे आहे. रविवारी सकाळी ती फुलांचे नाहीतर पक्ष्यांचे चित्र काढते आणि धाकटा ते भिंतीवर लावतो. सुट्टीत गावी जाताना चावी शेजारच्या खालांकडे असतेच. पुढच्या मे महिन्यात कुंड्यांच्या पाण्याबरोबर हेही त्यांच्या नातवाला सांगून जाणार आहे.

माझे मशीन त्याने रात्रभर ठेवून घेतले. टोपीतल्या स्पंजवर सफाईच्या द्रवाचे थेंब टाकले, हेड त्यावर बसवले आणि बंद केले. दुसऱ्या दिवशी एक क्लीनिंग, आणि काळा नमुना एक रेघ सोडून पूर्ण. तिसऱ्या दिवशी तीही आली. शंभर रुपये घेतले. मी रंगाच्या बाटल्या मागितल्या तर म्हणाला, "टीचर, तुम्ही आठवड्याला पंधरा पाने काढता. तुम्ही कंपनीचीच घ्या. आहे ती संपू द्या, मग भरा." गिऱ्हाईक दुकानात उभे असताना त्याने स्वतःची विक्री सोडली.

आणि मी त्याच्या दुकानाचे नाव चाळीस जणांत खराब केले होते. तो ग्रुपवर नाही, पण त्याला कळले होते. कसे, ते त्याने सांगितले नाही. मी विचारले तेव्हा त्याने झेरॉक्सचे कागद सारखे करत "जाऊ द्या, टीचर" एवढे म्हटले. त्याच्यासमोर उभी राहून मी माफी मागितली. वर्गात त्याला कितीदा माफी मागायला लावली असेल, त्या मानाने ती फार अडखळत बाहेर आली. न तपासता एखाद्यावर तोहमत ठेवू नये, हे मुलांना सांगणे आणि स्वतः गल्ल्यापाशी उभे राहून कबूल करणे यात फरक आहे.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर लिहिले: चूक माझी होती, सुकलेली शाई कंपनीची होती, मशीन मी बोर्डावरून बंद केली होती, दुकानदाराचा काही दोष नाही. आधीच्या मेसेजवर एकोणीस जणींनी उत्तर दिले होते, कुणी आपले अनुभव लिहिले होते, कुणी 'बरे झाले सांगितले' म्हटले होते. या मेसेजवर तीन अंगठे आले. मग कुणीतरी दुसऱ्या दिवशीच्या वेळापत्रकाचे विचारले आणि तो वर सरकून गेला.

म्हणून आता एकेकीला तोंडी सांगते आहे. मधल्या सुट्टीत, लोकलमध्ये, जिथे भेटतील तिथे. कळव्याच्या एक मॅडम दर महिन्याला त्याच्याकडे दोन कार्ट्रिज भरून घ्यायच्या, माझ्या मेसेजनंतर त्यांनी नवी कार्ट्रिज घ्यायला सुरुवात केली. त्यांना मी वरचा सहा रुपयांचा हिशेब कागदावर लिहून दिला आहे. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर त्या आपली रिकामी कार्ट्रिज घेऊन माझ्याबरोबर कोपरीला उतरणार आहेत.